हळदीच्या पानाखाली

वहिनी लग्न होऊन आमच्याकडं आली त्याला आता बारा वर्षं होतील, माहेर कुडाळकडचं. पहिल्याच श्रावणात मळ्यात गेली, हळदीच्या सरीत उभी राहिली, एक पान तोडलं, मधोमध मोडून वास घेतला आणि दादाला म्हणाली, "हे तुम्ही कशात घालता?" दादाला प्रश्नच कळला नाही. पान कशात घालणार? आमच्याकडं हळद म्हणजे जमिनीखाली जे असतंय ते. जेठे गड्डे, बगल गड्डे, हळकुंडं. वरचा पाला जानेवारी-फेब्रुवारीत कापायचा, बांधाला टाकायचा किंवा रानातच कुजवायचा, संपला विषय.

कुठल्या जिल्ह्यात बोलतोय बघा मी हे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मार्केट यार्डात सौदे चालू झाले की त्या रस्त्यानं जाताना नाकात घशात हळद बसते, देशभरातून माल येतो आणि देशभर जातो. आणि त्या हळदीच्या पानाचा वास कसा असतो हे आमच्या घरातल्या तीन पिढ्यांनी हाताला लागलेला सोडून कधी घेतलाच नव्हता. वहिनीनं त्या नागपंचमीला पातोळ्या केल्या, तांदळाचं पीठ पानावर थापून आत गूळखोबरं, दुमडून वाफवल्या. आज्जीनं पहिला घास खाल्ला आणि थांबली. म्हणाली, "आपल्या रानाचा वास हाय की ह्यो."

मला ते वाक्य फार लागलं. मुळाच्या वासाशी पानाचा वास जुळत नाही, हळद पूड म्हणजे मातकट, जरा कडसर, आणि पान म्हणजे ओलं, थोडं आल्यासारखं, थोडं आंब्याच्या कोवळ्या पाल्यासारखं. मळ्यात पाणी पाजून संध्याकाळी घरी आलं की कपड्याला येतो तो वास. तो खाता येतो हे माहीत नव्हतं एवढंच.

मटणाचा विषय निघाला २०२० मध्ये. त्याच्या आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये महापूर आलेला, सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, ४५ फूट ही धोक्याची पातळी. आमची हळद पाण्याखाली राहिली, गड्डे जागेवर कुजले. पाणी उतरल्यावर रानात जो वास होता तो मी लिहिणार नाही. त्यामुळं २०२० ला परत उभी राहिलेली हिरवीगार हळद बघताना घरातल्या सगळ्यांचाच जीव त्यात अडकलेला. कामाची जागा सांगलीत, पण तेव्हा सगळं बंद असल्यानं मी गावाकडंच होतो, दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, थंडी पडली आणि वहिनी म्हणाली एकदा पानात मटण करून बघू, तिकडं आम्ही मासे पानात घालतो, मटण कुणी केलेलं मी बघितलं नाही पण का होणार नाही?

अण्णांनी पहिली शंका काढली. "पानं काढली तर गड्डा पोसायचा कशावर?" बरोबर होतं त्यांचं. नोव्हेंबरात हळदीचं पान अजून काम करत असतं, वरून जे तयार होतं तेच खाली उतरतं. मग असं ठरलं की बांधाकडच्या सरीतलंच घ्यायचं, एका झाडाचं एकच, तेही बाहेरचं, शेंडा पिवळा पडायला लागलेलं. आजही तोच नियम आहे आणि पानं मोजून अण्णाच काढतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

पहिल्या वेळी दोन गोष्टी वाईट झाल्या. एक म्हणजे, मटण पानात बांधून तापलेल्या दगडांच्या खड्ड्यात पुरायचं होतं, आणि त्या खड्ड्यात तापवायला दगड आणले ते नदीतनं. गोल, गुळगुळीत, दिसायला छान. जाळ चांगला पेटला आणि अर्ध्या तासानं एक गोटा असा फुटला की तुकडा पुतण्याच्या कानाजवळनं गेला आणि गोठ्याच्या पत्र्यावर आदळला. तो तेव्हा सात वर्षांचा. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून दगड फुटतो. हे मला आता माहीत आहे, तेव्हा माहीत असायला पाहिजे होतं. कुणी हे वाचून करायला जाणार असेल तर बाकी सगळं विसरा पण नदीओढ्यातला दगड वापरू नका. आम्ही आता जुन्या विहिरीच्या खोदाईतला डबर वापरतो, काळा, भरीव, वर्षानुवर्षं उन्हात पडलेला, आणि तरी पहिला तासभर पोरांना जवळ येऊ देत नाही.

दुसरं म्हणजे मटण शिजलंच नाही. वर माती टाकली होती, तासातासानं उकरून बघत होतो, झालं का, झालं का. चार तासांनी काढलं तर हाडाजवळ लाल. शेवटी घरात आणून कुकरला लावलं आणि पानं टाकून दिली. जेवताना कुणी काही बोललं नाही, वहिनी तर नुसती ताट वाढत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आज्जी खड्ड्यापाशी जाऊन बसली. आज्जी माळकरी, मटणाचं नाव काढलं तरी पदर नाकाला. पण खड्डा बघून म्हणाली, "तुझ्या आज्ज्यानं हळद कशी शिजवली ते इसरला व्हय रे सगळी?"

मी लहान असताना बघितलं होतं ते, पण जोडलं नव्हतं कधी. आता हळद स्टीम कुकरमध्ये शिजते, ट्रॅक्टरच्या मागनं यंत्र येतं, ड्रम भरले की पाऊण तासात मोकळं. आबांच्या वेळी काहील असायची, गुळाच्या काहिलीसारखीच. त्यात हळकुंडं भरायची, ती बुडतील एवढं पाणी, आणि वर काय घालायचे? हळदीचाच पाला. जाड थर. पाल्यावर ओलं गोणपाट, आणि कडेकडेनं माती लिंपायची, वाफ जाऊ द्यायची नाही. खाली पाचटाचा जाळ. वरून पांढरी वाफ कुठं फुटली की आबा ओंजळीत चिखल घेऊन तिथं थापायचे, आणि आम्ही पोरं वाफ दाखवायला धावत असायचो, "आबा हिकडं, आबा हिकडं". शिजलं का ते बघायला एक हळकुंड काढून त्यात काडी घालायची, सहज गेली की झालं. पण काढायचं ते एकदाच, शेवटी. सारखं उघडायचं नाही.

म्हणजे पानाखाली, मातीखाली, वाफ कोंडून शिजवणं आमच्या मळ्यात शंभर वेळा झालेलं होतं. कोकणातनं वहिनीनं पान आणलं असं मी लोकांना सांगायचो, ते अर्धंच खरं. तिनं पान दाखवलं, पण झाकायचं कसं आणि धीर कसा धरायचा ते आज्जीनं आठवण करून दिलं, आणि आज्जीनं आजपर्यंत त्यातलं मटण चाखलेलं नाही.

आता कसं करतो ते सांगतो.

आदल्या रात्री मटण लावून ठेवायचं. तीन किलो, खांदा आणि मांडी, नळ्या वेगळ्या, नुसतं बोनलेस घेऊन उपयोग नाही, या पद्धतीत हाडाचाच रस पानात उतरतो. घट्ट दही, आलं-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, ओल्या हळदीचा किसलेला तुकडा, भाजून वाटलेलं खोबरं आणि तीळ, आणि आमची चटणी. चटणी म्हणजे बाहेरचे लोक ज्याला कांदा-लसूण मसाला म्हणतात ती, एप्रिलमध्ये डंकावरनं कुटून आणलेली, ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी चवीला. चटणी नेहमीच्या रश्श्यापेक्षा निम्मीच घालायची कारण रश्श्याला पाणी असतं, इथं काहीच बाहेर जात नाही, जे घालाल ते सगळं आतच राहतं. मिठाचंही तसंच. मी एका वर्षी हे विसरलो होतो.

केळीचं पान जाळावर फिरवायचं. हे काम मला सगळ्यात आवडतं. हिरवं, मळकट दिसणारं पान जाळाच्या हातभर वर धरलं की एका क्षणात त्याचा रंग गडद होतो, वरचा मेणचट थर वितळतो आणि पान चकचकीत होतं, जाळाबरोबर ती चमक पानावरनं पुढं सरकताना दिसते. आधी जे पान दुमडलं की कट्‌कन फाटायचं ते आता कापडासारखं वळतं. मग मधली जाड शीर सुरीनं तासून काढायची. त्याच्यावर हळदीची तीन पानं, दोन उभी एक आडवी. त्यावर मूठ दीड मूठ मटण, एक नळी, कांद्याच्या दोन चकत्या. आधी हळदीची पानं मिटायची, मग केळीचं, मग उलट दिशेनं अजून एक केळीचं पान, आणि सोपट. केळीच्या खुंटाचं सोपट उन्हात वाळवून ठेवलेलं असतं, ते पाण्यात भिजवलं की सुतळीसारखं काम देतं, आणि वाळताना आवळतं, त्यामुळं खड्ड्यात पुडी सैल पडत नाही. वहिनीची गाठ अशी असते की पुडी चौकोनी उशीसारखी दिसते. माझी नेहमी एका बाजूनं फुगते, तिच्यावर मी खूण म्हणून काडी खोचतो आणि ती मीच घेतो.

फॉइलमध्ये का नाही करत, हे दर वर्षी कुणीतरी पाहुणा विचारतोच. फॉइल स्वतःचं काही देत नाही, आणि दही, चिंच, टोमॅटो असलं आंबट आत असलं की ते ॲल्युमिनियमला खातं. पण खरं कारण माझ्या दृष्टीनं वेगळं आहे. पान भाजतं, वाळतं, बाहेरनं काळं होतं, आणि आतल्या मटणाला थोडा धूर, थोडा हिरवा वास देत देत स्वतः संपतं. ते पदार्थातलं एक साहित्य आहे, पॅकिंग नाही. हे ज्याला पटत नाही त्यानं एकदा फॉइलमधलं आणि पानातलं शेजारी शेजारी ठेवून खावं.

खड्डा दोन फूट रुंद, अडीच फूट खोल, तळाला आणि बाजूनं डबर. तुरकाट्यांनी पेटवायचं आणि बाभळीची लाकडं, पूर्ण दोन तास. दगड पांढुरके दिसायला लागले की ज्वाळा संपू द्यायची, मोठे इंगळ फावड्यानं बाहेर काढायचे. मग केळीच्या खुंटाचे चिरलेले तुकडे, बोटभर जाड, त्यात पाणीच पाणी असतं, वाफ तेच देतात. त्यावर पुड्या. नळीच्या पुड्या खाली. मग उरलेला सगळा पाला, ओलं गोणपाट, आणि माती. दुपारी दोनला बंद करतो, रात्री आठला उघडतो.

आत काय चाललेलं असतं ते मी नंतर वाचून समजून घेतलं. मटणातला जो चिवट पांढरा भाग असतो तो कोलॅजनचा, तो जोरात जाळ लावून मऊ होत नाही, सत्तर अंशाच्या वर बराच वेळ राहिला की हळूहळू विरघळून त्याचं जिलेटीन होतं, बोटाला चिकटतो तो रस म्हणजे तेच. पुडीच्या आत जोपर्यंत ओल आहे तोपर्यंत शंभर अंशाच्या वर तापमान जात नाही, म्हणून जळत नाही. दगड हळूहळू निवत जातात आणि मटण त्या निवण्याबरोबर शिजत जातं. जाळ कमी करा, वाढवा, ढवळा, चव बघा, यातलं काहीच करायला नाही. स्वयंपाकात असं हात बांधून बसणं आम्हाला कुणालाच जमत नव्हतं, पहिल्या वर्षीचं मटण त्यामुळंच कच्चं राहिलं.

मग ते सहा तास. कुणी शेंगा भाजतं, कुणी झोपतं, मी फोनवर वाचत बसतो. त्यातच एका वर्षी कळलं की मेक्सिकोतल्या युकातानमध्ये माया लोक जमिनीतल्या भट्टीला पिब म्हणतात आणि तिथं डुकराचं मटण आंबट संत्र्याच्या रसात आणि शेंद्रीच्या लाल वाटणात मुरवून केळीच्या पानात पुरतात. केळ मुळात आपल्या आशियातली, ती तिकडं पोचली स्पॅनिश लोकांबरोबर, पाचशे वर्षांपूर्वी. आणि त्याच मेक्सिकोत हिदाल्गोकडं मेंढ्याचं मटण रात्रभर खड्ड्यात शिजतं ते गुंडाळतात 'मागे' नावाच्या झाडाच्या जाड पात्यांत. मागे म्हणजे आमच्या माळाच्या बांधावर जे केकताड आहे ना, घायपात, त्याचंच भावंड. आपली केळ तिकडं गेली, त्यांचं केकताड आणि त्यांची मिरची इकडं आली, आणि दोन्हीकडं माणसं खड्ड्यावर माती टाकून अंधारात वाट बघत बसली. हे वाचलं तेव्हा मी उठून बांधावर जाऊन त्या केकताडाकडं बॅटरी मारून बघून आलो, इतकी वर्षं त्याचा उपयोग मला फक्त दोरी आणि काटा एवढाच माहीत होता.

हवाईमध्ये लाऊलाऊ करतात ते तर अळूच्या पानात. आपलाच अळू. अळूला खाज असते, त्यातल्या बारीक सुयांसारख्या स्फटिकांमुळं, आपण चिंच घालतो, ते लोक तासन्‌तास वाफेवर ठेवतात. इकडं रायगडला पोपटीचं मडकं भांबुर्ड्याच्या पाल्यानं भरतात, आत वालाच्या शेंगा आणि कोंबडी. झारखंडचे संथाळ मटण आणि तांदळाचं पीठ सालाच्या पानात घालून निखाऱ्यावर भाजतात. नाव बदलतं, पान बदलतं. जिथं जे पान मोठं, मुबलक आणि कडू नसलेलं, तिथं ते.

फक्त सांगलीत हळदीचं पान नव्हतं.

माती टाकून बंद केलेल्या जागेची सांगलीला काही नवलाई नाही खरं तर. कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे, तिथली पेवं. जमिनीत खोल, तोंड लहान, पोट मोठं, त्यात हळद भरून तोंड बंद करून वर माती. आत हवा उरत नाही त्यामुळं कीड जगत नाही, हळद वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही, आधी काही तास हवा खेळू द्यायची, मग कंदील सोडून बघायचा, विझला तर अजून थांबायचं. आबा हे सांगताना आवाज बारीक करायचे, त्यांनी तिथं तरुणपणी दोन हंगाम काम केलं होतं. २००५ च्या पुरात पाणी पेवांत शिरलं आणि तिथून पुढं सगळं गोडाऊन आणि कोल्ड स्टोरेजकडं गेलं. कशाचंतरी पेव फुटलंय असं आपण रोज म्हणतो, पण भरलेलं पेव बघितलेली माणसं आता हरिपुरातही म्हातारी झाली.

आज्जीचा खड्डा वेगळा. लहान, दहा पावलं लांब, त्याचं फावडंसुद्धा वेगळं, धुऊन घेतलेलं. तिच्यासाठी काटेरी वांगी, कृष्णाकाठची, चार चिरा देऊन आत शेंगदाण्याचं कूट, तीळ, कारळ, हिरवी मिरची, गूळ थोडा, कांदा लसूण नाही. रताळं, कोवळी वालाची शेंग. हे दीड-दोन तासांत होतं आणि आधी तिचं उघडायचं, ती जेवल्याशिवाय मोठ्या खड्ड्याला हात नाही. मागच्या वर्षी पुडीची गाठ तिनं स्वतः सोडली, बोटं नीट वळत नाहीत आता, पाच मिनिटं लागली, कुणी मदतीला पुढं झालं की हाताला चापट. पान उलगडलं, वाफ तिच्या चष्म्यावर बसली, तशीच बसून राहिली. वांग्याचं साल पानाला चिकटून निघून आलं होतं आणि आतला गर तेल सुटलेल्या कुटात बसला होता. बाजरीची भाकरी मोडली, पहिला तुकडा बाजूला काढून ठेवला, मग खाल्लं. आणि खाऊन झाल्यावर रिकामं पान घडी करून परत नाकाला लावलं.

मोठ्या खड्ड्याचं मटण मी वर्णन करून सांगत नाही, हाड हातात धरलं की नुसतं हाडच हातात येतं एवढं सांगतो.

आमच्याकडं भांगलणीला ज्या बायका येतात त्यांतल्या एकीनं ते बांधाकडचे तुटलेले देठ बघितले होते. खड्डा केल्यानंतरच्या सोमवारी तिनं विचारलं, "दादा, जनावरं शिरली व्हती का हळदीत?" मी म्हटलं नाही, आम्हीच काढली, आणि वहिनीनं राखून ठेवलेली एक पुडी तव्यावर गरम करून तिला दिली. तिनं ती तिथं खाल्ली नाही, पदराला बांधून घरी नेली. पुढच्या आठवड्यात काम संपल्यावर ती बांधावर अण्णांपाशी उभी, हातात पाच पानं, शेंडा पिवळा असलेली, बाहेरची, एका झाडाचं एक. अण्णांना दाखवून घेतली. मग वहिनीकडं वळून म्हणाली,

"वयनी, ह्यात सुकट घातली तर चालंल का ओ? मटण कुठलं परवडायला."

वहिनी बसलेली होती ती उठलीच. म्हणाली अगं सुकट तर झकास होईल, आमच्याकडं तेच करतात, पण आधी धुऊन घट्ट पिळून घे, कांदा जास्त घाल, आणि चुलीतल्या निखाऱ्यात ठेवलीस की मधेमधे उघडून बघू नकोस.